खिळ्यांच्या पेट्या आणि स्वतःचे पान : पुण्यातील छापखान्यांचा एक धागा

हा धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसावे.

गेल्या पावसाळ्यात कोपऱ्यात पडून असलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर स्वतःचे संकेतस्थळ उभारण्याचा उद्योग मी केला. हेतू केवळ शिकण्याचा होता. सुरुवातीस प्रत्येक लेखाचे पान हाताने लिहून ठेवले. पण एक ओळ सर्वत्र बदलावयाची म्हटले की चाळीस पाने उघडावी लागत. मग शीर्षके, तारखा, मजकूर असे सारे वेगवेगळ्या कप्प्यांत साठविले आणि वाचक आला की त्याच क्षणी पान जुळवून देणारी व्यवस्था लिहिली. ती प्रथम चालली त्या रात्री मला संगणकशास्त्र आठवले नाही. आठवल्या त्या खिळ्यांच्या पेट्या. एकोणिसाव्या शतकातील पुण्याचा इतिहास वाचणाऱ्याचे हे असेच होते.

कारण दगडावर उमटविलेले पक्के पान आणि सुट्या खिळ्यांतून दर वेळी नव्याने जुळणारे पान हा भेद मराठी माणसाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हात काळे करून शिकून घेतलेला आहे. आणि आपले लेखन आपल्याच यंत्रावर असावे, दुसऱ्याच्या नव्हे, हा हट्टही तेव्हाचाच आहे. त्या हट्टाची किंमत काय पडली, हे या धाग्यात पाहावयाचे आहे.

आरंभ पेशवाईच्या अखेरीपासून करावा लागतो. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने पुण्यातील एका तांबटास नागरी अक्षरे कोरण्याची विद्या शिकविण्यात आली. १८०० मध्ये नाना फडणवीस वारले, तेव्हा तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. पत्र्यावर कोरलेले पान म्हणजे शिलालेखच. एकदा चूक झाली की ती कायमची, आणि गीतेच्या पत्र्यांतून दुसरा ग्रंथ निघणे नाही.

पुढची पायरी मुंबईची आहे, पण ती ओलांडून पुण्यास परत येता येत नाही. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातील गृहस्थ. अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातून निघणारी मराठी पुस्तके पाहून आपणही असेच छापावे, असे त्यांच्या मनाने घेतले. शिकविणारे कोणी नव्हते. गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकात या माणसाच्या खटपटीची हकीकत दिली आहे. त्यांनी घरच्या घरी लाकडी यंत्र तयार केले, लहान दगड मिळवून त्यांवर छापून पाहिले, शाईदेखील स्वतःच बनविली. १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर पंचांग काढले. पुढे लोखंडी यंत्र आले, आणि मग खिळे पाडण्याची विद्याही त्यांनी स्वतःच हस्तगत केली. छापील कागद विटाळाचा मानून त्यास हात न लावणारी मंडळी तेव्हा होती. शाईत चरबी असते हा त्यांचा आक्षेप. म्हणून धर्मग्रंथांसाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगितले जाते.

लाकडी यंत्र, मग दगड, मग शाई, मग लोखंडी यंत्र, मग खिळे. हा क्रम मुद्दाम पाहावा. एखादे यंत्र विकत आणून चालविणारा माणूस असा जात नाही. ज्याला प्रत्येक भाग आतून समजून घ्यावयाचा आहे, तो असा जातो.

आता खिळ्यांविषयी थोडे, कारण पुढील सर्व भांडणे त्यांच्याभोवती आहेत. रोमन लिपीचे काम थोड्या कप्प्यांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांवर जातात. एका पद्धतीत मात्रेसह अख्खे अक्षर एकाच खिळ्यावर असे. दुसरीत मूळ अक्षर मध्ये आणि वरची मात्रा व खालचा उकार यांचे बारीक खिळे वर-खाली स्वतंत्र बसवीत. पहिलीत कप्पे वाढतात, दुसरीत मेहनत. जुळाऱ्याने, म्हणजे कंपोझिटरने, उलटी अक्षरे वाचत ओळ जुळवावयाची, ओळींचे पान करावयाचे, पाने चौकटीत घट्ट आवळून फर्मा यंत्रावर चढवावयाचा. छपाई झाली की फर्मा धुवून सोडावयाचा आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत टाकावयाचा. कारण पुढील आठवड्याचा अंक त्याच शिशातून उभा राहावयाचा असतो.

साप्ताहिक चालते ते या परत टाकण्याच्या जोरावर. या कामाचे कौतुक कोणत्याही चरित्रात नाही. पण खिळे चुकीच्या कप्प्यात गेले की पुढच्या अंकात ‘घ’च्या जागी ‘ध’ येतो. (माझ्या लॅपटॉपवर तारखांच्या कप्प्यात शीर्षके जाऊन बसली होती, तेव्हा मला त्या अनामिक जुळाऱ्यांविषयी अपार आदर वाटला.)

आता पुणे. १८४९ पासून येथे ‘ज्ञानप्रकाश’ निघत होता. पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती १८७७ ते १८८२ ही पाच-सहा वर्षे. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजास तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. समाजाचा छापखाना असावा म्हणून मुंबईच्या रामय्या व्यंकय्या अय्यावारू प्रभृती तेलुगू अनुयायांनी साहाय्य केले होते. शेतकरी आणि कारागीर जातींचे म्हणणे छापून निघावयाचे, तर ते छापणारे यंत्रही आपल्या बाजूचे हवे, हा विचार पुण्यात ‘केसरी’च्या चार वर्षे आधी झालेला आहे. पुण्याच्या पत्रकारितेची गोष्ट १८८१ पासून सांगण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, दोन गोष्टी घडल्या. ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी मित्रांसह चित्रशाळा छापखाना काढला, देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची तिची रंगीत शिळाछाप चित्रे पुढे घरोघरी भिंतींवर लागली. आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी कायदा केला. त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे. मुद्रक आणि प्रकाशक यांच्याकडून सरकार करार लिहून घेऊ शके, अनामत मागू शके आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास छापखान्याची सामग्रीच जप्त करू शके. त्यावर न्यायालयात दाद नव्हती. लेखकास धरण्याऐवजी यंत्रास धरण्याची ही युक्ती. इंग्रजी पत्रे या कायद्यातून वगळलेली होती, म्हणून कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ बंगालीचे रूप टाकून इंग्रजी झाली.

त्याआधी १८६७ चा कायदा होताच. छापखाना चालविणाऱ्याने दंडाधिकाऱ्यापुढे तसे जाहीर करावयाचे, आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छापखान्याचे ठिकाण द्यावयाचे. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी ‘हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून’ अशी बारीक ओळ असते, ती येथून आली. ती ओळ ध्यानात ठेवावी. तिच्याकडे परत यावयाचे आहे.

अशा हवेत १८८१ उजाडले. सरकारी शिक्षकाची नोकरी सोडलेले चिपळूणकर तिशीत होते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर दोघेही चोविशीत, म्हणजे या धाग्याच्या बहुतेक वाचकांच्या वयाचे. वामन शिवराम आपटे, गणेश कृष्ण गर्दे आणि महादेव बल्लाळ नामजोशी हेही सोबत होते. वर्तमानपत्राच्या धंद्याचा अनुभव होता तो मुख्यतः नामजोशींना. बाकीचे त्या वर्षी शिकावयास बसले होते, असेच म्हटले पाहिजे. छापखाना घेतला, त्यास ‘आर्यभूषण’ हे नाव दिले. २ जानेवारीस इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीस, मंगळवारी, ‘केसरी’चा पहिला अंक निघाला.

चरित्रकार एक आठवण आवर्जून सांगतात. छापखान्याचे सामान मोरोबादादांच्या वाड्यात हलवावयाचे होते, तेव्हा टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या. खिळे म्हणजे शिसे, त्यात अँटिमनी आणि कथील. एक पेटी उचलून पाहिलेल्या माणसास या आठवणीतील काव्य कमी आणि कंबरदुखी अधिक जाणवेल. पदवीधर ब्राह्मण तरुणाने भर रस्त्यातून ओझे वाहणे हा त्या काळी चर्चेचा विषय होता, म्हणूनच आठवण टिकली. ज्यांनी ते ओझे जन्मभर वाहिले, त्यांची आठवण कोणी लिहिली नाही.

मराठी आणि इंग्रजी अशी दोन पत्रे एकाच वेळी काढण्यामागे सरकारास आणि लोकांस एकदम ऐकविण्याचा हेतू होता. पण कायद्याचा भेदही लक्षात घ्यावा. ‘मराठा’ लिटनच्या कायद्याबाहेर होता, ‘केसरी’ त्याच्या तोंडाशी. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने तो कायदा रद्द केला.

पण यंत्र आपले झाले म्हणून संकट टळत नाही. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तेथील महाराजांच्या छळाचा आरोप करणारा मजकूर छापला गेला. ज्या पत्रांच्या आधारावर तो होता, ती बनावट निघाली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे: साधनांची शहानिशा न करता मजकूर प्रसिद्ध केल्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि ते करणारी माणसे सामान्य नव्हती. मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. खटला चालू असताना जामिनासाठी १०,००० रुपयांची हमी घेतली, ती जोतीरावांच्या शब्दावरून रामशेट उरवणे या सत्यशोधकाने. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीरावांवर किती कठोर लिहिले होते, हे आठवले म्हणजे या हमीचे वजन कळते.

त्याच १८८२ मध्ये पुण्यातील श्री शिवाजी छापखान्यातून एक लहान पुस्तक बाहेर पडले. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, पुस्तक ‘स्त्री-पुरुष तुलना’. ताराबाईंजवळ ना छापखाना होता, ना साप्ताहिक. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा पुढील मंगळवारी उत्तर देण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही. ‘केसरी’च्या पेट्यांची गोष्ट सांगताना हे पुस्तक शेजारी ठेवावे असे मला वाटते, कारण स्वतःचे यंत्र नसणे म्हणजे काय, हे त्यावाचून समजत नाही.

आता या गोष्टीतील सर्वांत अवघड भाग. यंत्र आपल्या बाजूच्या लोकांचे आहे, पण आपले म्हणणे त्यांनाच पेलत नाही, तेव्हा काय करावयाचे?

जोतीरावांवर हा प्रसंग आला. ‘दीनबंधु’ १८८० मध्ये मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेला होता. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे त्यात छापली गेली, आणि नंतर छपाई थांबली. मजकूर सरकारास झोंबणारा होता आणि पत्र चालविणाऱ्यास पत्र जगवावयाचे होते. लोखंडे काही भेकड गृहस्थ नव्हते. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारा हा माणूस. पण जोतीरावांनी हे संपादकाचे भित्रेपण मानले आणि आपला राग लपविला नाही. दोघांचीही बाजू समजते, आणि तरी माझे मन जोतीरावांकडे झुकते. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ या नावाने स्वतःच्या छोट्या पुस्तिका काढल्या. दोनच अंक निघाले. त्यांपैकी दुसऱ्यात त्यांनी ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतली.

आगरकरांचे तसेच झाले, फक्त अधिक सावकाश. ‘केसरी’चे पहिले संपादक ते, खिळ्यांच्या पेट्या वाहणारे ते. पण छापखाना सामाईक, पत्र सामाईक, कर्ज सामाईक, म्हणून मतही सामाईक हवे, असा आग्रह वाढू लागला. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, त्यानंतर रखमाबाईंचा खटला गाजला. समाजसुधारणेसाठी कायदा असावा की नसावा, या प्रश्नावर एकाच संपादकीय खोलीत दोन पत्रे लिहिली जाऊ लागली. १८८७ च्या अखेरीस आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले.

१५ ऑक्टोबर १८८८, सोमवार. आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू बावीस वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखले यांची. सोमवारी ‘सुधारक’ आणि मंगळवारी ‘केसरी’ असा पुणेकरांचा आठवडा सुरू झाला. पहिल्या पत्राच्या वेळी सोबतीला सहा नावे होती. या वेळी दम्याने जर्जर झालेला एक प्राध्यापक आणि त्याचा तरुण सहकारी. लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि ती त्यांनी घरातून पाहिली, असे सांगतात. ‘केसरी’त त्यांना वाचक अधिक होते यात शंका नाही. तेथे राहून सौम्य भाषेत लिहिले असते, तर त्यांचा प्रभाव अधिक पडला असता, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. मला तो पटत नाही. विधवांच्या केशवपनावर सौम्य भाषेत कसे लिहितात, हे तो करणाऱ्यांनी आधी दाखवावे. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, अवघे ३८ वर्षांचे.

इकडे टिळकांनीही १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. मग वाटणी झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे, त्यांवरील कर्जासह, टिळकांकडे आली. आर्यभूषण छापखाना प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर आणि हरि नारायण गोखले यांच्याकडे गेला. दहा वर्षांपूर्वी ज्या यंत्राच्या पेट्या खांद्यावर वाहिल्या, ते यंत्र आता दुसऱ्यांचे, आणि पत्र तेवढे आपले. पुढे टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा आराखडा स्वतः बसून तयार केला, याची मुळे मला या दशकात दिसतात. ज्याने कप्पे मोजले आहेत, तोच ते कमी करण्याच्या नादी लागतो.

आता ती शेवटच्या पानावरील बारीक ओळ. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात ‘केसरी’त आलेल्या मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मुंबईच्या उच्च न्यायालयात आरोपीच्या जागी दोन माणसे उभी होती. एक बाळ गंगाधर टिळक. दुसरे केशव महादेव बाळ. त्यांनी अग्रलेख लिहिला नव्हता, शिवाजी उत्सवात भाषण केले नव्हते. मुद्रक म्हणून त्यांचे नाव कागदावर होते.

ज्यूरीने टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरविले, आणि १४ सप्टेंबर रोजी त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. केशव महादेव बाळ यांना नऊही जणांनी निर्दोष ठरविले, आणि ते न्यायालयातून मोकळे बाहेर पडले.

माझ्या लॅपटॉपवरील पानाच्या तळाशी अशी ओळ नव्हती. हा धागा लिहून झाल्यावर मी ती घातली : नाव, गाव, आणि हे पान कोणत्या यंत्रावरून येते ते.